डोक्याला डोकं

दप्तरात निघाली चिठ्ठी, चार घड्यांची,
नाव कुणाचंच नव्हतं:
चौथीच्या वर्गात उवा आढळल्या आहेत.
सगळ्यांनाच दिलीय, आयलेन म्हणाली,
आणि माझी नजर चुकवून कानामागे खाजवलं.

रोसारिओत जुलै म्हणजे ऐन थंडी.
पाराना नदीवरचा वारा दाराच्या फटीतून घरात राहायला येतो.
मी धक्क्यावर रात्रपाळीला जहाजात गहू भरतो,
भुवयांत धूळ घेऊन सकाळी परततो.
वाटलं, चुकलं ते माझंच.
अभ्रे बदलले नाहीत, पाणी नीट तापवलं नाही.
आई घरात नसली की असंच होतं,
हे कुणी म्हणण्याआधी मीच म्हणून घेतलं.

बहीण नेलिदा आली ती बाटली घेऊनच.
"रॉकेल चोळ. आपल्याला नाही का चोळलं?"
चोळलं होतं.
हातभर अंतरावर शेगडी पेटलेली होती.
टाळूवर फोड आले ते मी कुणाला दाखवले नाहीत.
मग भादरलं मला, अंगणात, खुर्चीवर बसवून,
जाणारेयेणारे बघत असताना.
शाळेत वर्षभर माझं नाव खरबूज.
बाटली मी तिच्या पिशवीत परत ठेवली.
तिनं डोक्यात राख घातली, दार आपटलं,
आणि रात्री सूप पाठवून दिलं.

औषधांच्या दुकानात ओफेलियाबाई, चष्मा कपाळावर.
तिनं आवाज हळू केला नाही,
कळवळलीही नाही.
ऊ उडत नाही, म्हणाली. उडीही मारत नाही.
चालते, बस्स.
धुतलेले केस, न धुतलेले केस, तिला सारखेच,
तिला हवी ऊब आणि टाळूचं रक्त.
घर उकळत बसू नका,
डोकं सुटलं की दीडदोन दिवसांत ती संपते.
केस ओले करा, कंडिशनर हात आखडता न घेता,
ही धातूची फणी, मुळापासून टोकापर्यंत.
अंडी आठवड्याभरानं फुटतात,
म्हणून दर तीन दिवसांनी पुन्हा, दोन आठवडे.
आणि आज घाई असेल
तर आज नको. उद्या करा.

रविवारी खिडकीपाशी.
स्टुलावर ती, मागे मी,
पोत्यांना सरावलेली बोटं
एकेक बट वेगळी करायला शिकताना.
कोंडा झटकला की पडतो,
लीख पडत नाही,
केसाला अशी धरून बसते
जशी काही तिलाही कुठं जायचं नाही.
फणी पुसायला हाताशी कागद तोच,
शाळेची चिठ्ठी, मागची कोरी बाजू.
सतरा मोजल्या. एक चालत होती
"आढळल्या" या शब्दाच्या पाठीवरून.

ब्रिसेइदा आता वही लांब धरते, आयलेन म्हणाली.
आधी?
आधी एकाच वहीवर वाकायचो आम्ही,
ती घोड्याचे पाय काढायची, मी आयाळ.
माझा हात थांबला.
म्हणजे इथूनच झाली असणार ये-जा,
डोक्याला डोकं लागलं तिथून.
कोणाकडून कोणाकडे, हे फणीला विचारून कळत नाही.
दुखतंय का, एवढंच विचारलं.
थोडं, म्हणाली. थांबू नकोस.

तिसऱ्या खेपेला पाच. चौथ्या खेपेला
एकही नाही, तरी पाचवी केलीच.

मधल्या बुधवारी मलाही खाज सुटली होती.
धक्क्यावरच्या खोलीत, सगळे बूट चढवत असताना
मी उभा राहून बोललो:
माझ्या घरात उवा आहेत. माझ्याही डोक्यात असतील.
कपाटाचं एक दार वाजलं. कुणीतरी हसलं,
अर्ध्यातच आवरलं.
बूट बांधायला इतका वेळ लागतो
हे मला आधी ठाऊक नव्हतं.

मग गुमेर्सिंदो,
सहा फूट उंच, क्रेन चालवणारा,
ज्याला तीन मुली आहेत आणि मान पार कंबरेपर्यंत केस,
नाडीकडे बघतच म्हणाला:
फणी कसली? प्लास्टिकची?
धातूची, मी म्हटलं.

त्यानं कानावरचं पेन काढलं
आणि तळहातावर लिहून घेतलं.